साग जळला नव्हता

आज पाहुणा नाही, मुलाखत नाही, मी एकटाच बोलणार आहे. विषय अळीचा आहे. कपाशीवरच्या बोंडअळीचा नाही, ती आपल्याकडे शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे. सागावरच्या अळीचा. लगेच पुढचा एपिसोड लावू नका, यात पैशाची गोष्ट आहे आणि माझ्या एका चुकीचीही आहे.

तर झालं असं. २०२२ चा सप्टेंबर. मी नागपूरला, ऑफिसात. व्हॉट्सअ‍ॅपवर मोठ्या बाबांचा व्हिडिओ आला. मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे मोठे भाऊ. ते गावी असतात, मानोरा तालुक्यात, वाशिम जिल्ह्यात. ज्यांना मानोरा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, पोहरादेवी ऐकलं असेल ना, ते याच तालुक्यात येतं. दिग्रसकडे गेलं की यवतमाळ जिल्हा. मधे टेकड्या, मुरमाड जमीन, सोयाबीन, कपाशी, तूर, आणि टेकड्यांवर साग.

व्हिडिओ चाळीस सेकंदांचा, सगळा हलता. सोयाबीन हिरवं-पिवळं, बांधावर गवत कमरेएवढं, आणि मागची टेकडी पूर्ण तपकिरी. भर पावसाळ्यात. वणवा लागून गेल्यावर कशी दिसते, तशी. मग कॅमेरा आमच्या शेताच्या वरच्या अंगाला वळला, जिथे आमचा स्वतःचा साग आहे. तोही तसाच. आणि मोठ्या बाबांचा आवाज, "पाय ना बाबू, सारा साग जळून गेला आपला."

आता त्या सागाबद्दल थोडं सांगावं लागेल. २००४ साली मोठ्या बाबांना मुलगी झाली, आमची छोटी. त्याच पावसाळ्यात त्यांनी वरच्या अर्ध्या एकरात आणि बांधावर सागाच्या जड्या लावल्या. त्या जमिनीत तसंही दुसरं काही येत नव्हतं. हिशोब साधा होता, पोरगी मोठी होईल तसा साग मोठा होईल, शिक्षणाला नाहीतर लग्नाला कामी येईल. विदर्भात अशी खूप घरं सापडतील, ज्यांची फिक्स डिपॉझिट बँकेत नसते, बांधावर उभी असते. एकशे तीस-पस्तीस झाडं जगली. २०२२ मध्ये छोटी अठराची झाली, नर्सिंगला जायचं म्हणत होती, आणि त्याच वर्षी झाडं तपकिरी.

मी काय केलं? जे तुम्ही केलं असतं तेच. मोबाइलवर शोधलं, "सागाची पानं जळणे उपाय". पहिल्याच व्हिडिओत एक माणूस टोपी घालून एका कीटकनाशकाचं नाव सांगत होता, पंधरा लिटरच्या पंपाला इतकं टाका, तीन दिवसांत फरक बघा. मी तो व्हिडिओ मोठ्या बाबांना पाठवून दिला आणि मीटिंगला गेलो. वाटलं, काम झालं.

फवारणी झाली नाही, ती मोठ्या आईमुळे. ती एवढंच म्हणाली, "झाडं तीस फूट, पंप खांद्यावर. वर मारलं तं खाली कोणावर पडन?"

हे वाक्य आमच्या भागात कुणी सहज म्हणत नाही. २०१७ चा खरीप आठवा. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो लोक दवाखान्यात होते. त्या वर्षी कपाशी डोक्याच्या वर वाढली होती, फवारा अंगावरच येत होता. आमच्या ओळखीचा एक मजूर तेव्हा आठ दिवस डोळ्यांना पट्टी बांधून होता. आणि मी, शिकलेला भाचा-पुतण्या, माझ्याच मोठ्या बाबांना तीस फूट उंच झाडावर खालून विष मारायला सांगत होतो. कपाशी डोक्याच्या वर गेली तर माणसं मेली, इथे तर झाड घराच्याही वर.

दोन दिवसांनी दुसरा फोन. आता गावात एक ठेकेदार आला होता. त्याचं म्हणणं असं की जंगलाला रोग लागला आहे, अळी आधी पानात असते, मग फांदीतून खोडात उतरते, वर्षभरात लाकूड आतून पोकळ होतं. आता उभा साग उक्ता देऊन टाका, परवानगीचं मी पाहतो. जो आकडा त्याने सांगितला, तो आदल्या वर्षी दुसऱ्या एकाने सांगितलेल्या आकड्याच्या अर्ध्याहून कमी होता. मोठे बाबा म्हणाले, "अर्धे तं अर्धे, पोरीची फी तं निघन." मी म्हटलं शनिवारी येतो, तोपर्यंत हो म्हणू नका.

नागपूर, कारंजा, मानोरा. बस बदलत दुपारी पोचलो. गावच्या नाक्यावरच मोठे बाबा उभे होते आणि त्यांच्यासोबत त्या भागातले वनरक्षक. ते टेकडीवर गस्तीला आलेच होते, मोठ्या बाबांनी त्यांना थांबवून ठेवलं होतं. मी त्यांच्याकडून पंधरा मिनिटांत जे शिकलो, ते मला त्या टोपीवाल्या व्हिडिओने जन्मात सांगितलं नसतं.

त्यांनी एक पान तोडलं आणि सूर्यासमोर धरलं. मंडळी, ते पान म्हणजे जाळी होती. अक्षरशः. सगळ्या शिरा जागच्या जागी, अगदी बारीक शिरासुद्धा, आणि शिरांमधला हिरवा भाग गायब. लहानपणी आपण पिंपळपान वहीत ठेवून त्याची जाळी करायचो ना, तशी. पलीकडचा डोंगर दिसत होता त्यातून. मग त्यांनी पान उलटं केलं. मागच्या बाजूला बारीक धाग्यांचं आवरण, आणि त्याखाली हिरवट, बोटाच्या एका पेराएवढी अळी. तिला हात लावला तर ती झटकन मागे सरकली.

मग त्यांनी एक बारीक फांदी धरली आणि नखाने साल खरवडली. आत हिरवंगार, ओलं. "पान पाहून घाबरू नका, फांदी पाहा," ते म्हणाले. "हे झाड मेलं नाही, याचं पान खाल्लं गेलं."

ही अळी एका छोट्या पिवळसर पतंगाची. पंखांवर तांबूस, नागमोडी रेघा. शास्त्रीय नाव युटेक्टोना मॅकेरॅलिस. नाव विसरलात तरी चालेल, जाळी विसरू नका. मादी पानाच्या खालच्या बाजूला अंडी घालते, अळी जाळं विणून त्याखाली बसते आणि शिरा सोडून मऊ भाग खाते. पिढी साधारण तीन आठवड्यांत पुरी होते, म्हणून पावसाळाभर एकावर एक पिढ्या चढत जातात. जुलैत दहा अळ्या असतील तर कुणाचं लक्ष जात नाही. सप्टेंबरला त्यांच्या नाती-पणती पानापानावर असतात, आणि मग एका आठवड्यात टेकडी तपकिरी होते. आपल्याला वाटतं एका रात्रीत झालं. झालेलं असतं ते दोन-तीन महिन्यांत.

पुढचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. साग पान कशासाठी काढतो? अन्न बनवायला. पाऊस सुरू झाला की नवी मोठाली पानं येतात, आणि जून-जुलै-ऑगस्टमध्ये झाडाची वर्षाची बरीचशी वाढ होऊन जाते. सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत पान जुनं झालेलं असतं. नाहीतरी हिवाळ्यापासून ते गळणारच आहे. म्हणजे जाळी करणारी अळी जेवायला येते तेव्हा पंगत जवळपास उठलेली असते. ती खरकटं खाते, असं म्हणा. थोडं नुकसान होतं, नाही असं नाही. रोपवाटिकेतल्या किंवा दोन-तीन वर्षांच्या रोपांवर आली तर चांगलंच होतं. पण अठरा वर्षांचं झाड यात मरत नाही, आणि ही अळी खोडात जातच नाही. तिच्या तोंडात लाकूड खायची ताकदच नाही. ठेकेदार म्हणत होता तो प्रवास, पानातून फांदीत, फांदीतून खोडात, असा होत नाही.

मग सागाला अळीने नुकसान होतच नाही का? होतं, पण दुसऱ्या अळीने, आणि दुसऱ्या महिन्यात. तिचं नाव हायब्लिया पुएरा. ही शिरांची नक्षी सोडत बसत नाही. जाड शिरा तेवढ्या राहतात, बाकी पान फस्त. आणि ती येते पावसाच्या सुरुवातीला, नवं कोवळं पान फुटतं तेव्हा. तिच्याबद्दल सगळ्यात जास्त काम झालं केरळात. निलंबूरला ब्रिटिशांनी १८४० च्या दशकात साग लावायला सुरुवात केली, मुद्दाम लावलेल्या सागाचं जगातलं सगळ्यात जुनं वन म्हणून ते ओळखलं जातं. तिथे ही अळी जवळजवळ दर वर्षी येते. ज्यांनी ऐकलं आहे ते सांगतात की झाडाखाली उभं राहिलं तर रिमझिम पावसासारखा आवाज येतो. पाऊस नसतो. वरून लाखो अळ्यांची विष्ठा पडत असते.

पीचीच्या केरळ वन संशोधन संस्थेत के. एस. एस. नायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा पण कष्टाचा प्रयोग केला. निलंबूरच्या तरुण सागापैकी काही झाडं अळीपासून वाचवायची, काही तशीच सोडायची, आणि वर्षानुवर्षं घेर मोजत राहायचा. १९८५ मध्ये निष्कर्ष आला. चार ते आठ वर्षांच्या त्या वयात अळीमुळे लाकडाची जेवढी वाढ होऊ शकली असती तिच्यातली ४४ टक्के बुडाली होती. झाडं जिवंत होती, हिरवी होती, लोकांना वाटत होतं सगळं ठीक आहे. आणि वाढ निम्म्यावर. शिवाय शेंड्याचा कोंब खाल्ला गेला की झाडाला दोन शेंडे फुटतात, सरळ सोट मिळत नाही, आणि सागात सगळा भाव सरळ सोटालाच.

म्हणजे गंमत बघा. सप्टेंबरमध्ये टेकडी तपकिरी झाली की गाव जमा होतं, व्हिडिओ निघतात. जूनमध्ये कोवळी पानं खाल्ली जातात तेव्हा आपण पेरणीत असतो, आणि पंधरा दिवसांत झाड पुन्हा पानं काढतं म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही. खरा तोटा तिथे.

आणि खरंच झाड मारणारा किडा बघायचा असेल तर शेजारी मध्य प्रदेशात जावं लागेल. साग नाही, साल. मंडला, दिंडोरी, बालाघाट. तिथला सालाचा भुंगा पहिल्या पावसाबरोबर बाहेर येतो, मोठा, तपकिरी, लांब मिशांचा. मादी सालीच्या भेगांत अंडी घालते, अळी सालीखालून थेट गाभ्यात शिरते. तगडं झाड राळ सोडून पहिल्या काही अळ्या बुडवून मारतं, पण हल्ला मोठा असला की राळ पुरत नाही. झाडाच्या बुडाशी भुशाचा ढीग दिसला की समजायचं. १९९० च्या दशकात तिथे लाखो सालवृक्ष गेले. उपाय काय होता? मोजकी झाडं पाडून त्यांचे ओंडके करायचे, साल ठेचायची. त्या रसाच्या वासाने भुंगे लांबून येतात, पिऊन सुस्त पडतात, आणि मग ते हाताने वेचायचे. गावातल्या लोकांना भुंग्यामागे पैसे मिळायचे. एवढी प्रयोगशाळा आणि एवढं विज्ञान, आणि शेवटी दारूचा गुत्ता लावून पकडलं भुंग्यांना.

तर पान खाणारा किडा आणि लाकूड खाणारा किडा ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. ठेकेदाराने नेमकी यांचीच खिचडी केली होती. मुद्दाम केली की त्यालाही तसंच वाटत होतं, देव जाणे. मला तो पहिल्यापासून आवडला नव्हता, त्यामुळे माझं मत धरू नका.

सागाचं खोड पोखरणारी अळी पण असते बरं का. केरळात तिचा अभ्यास झाला आहे, आणि तिथे असं दिसलं की ती बहुतेक जखमेतून शिरते. चाऱ्यासाठी, खतासाठी फांद्या ओरबाडल्या, कुऱ्हाडीचे घाव घातले, की तिथून. हे वनरक्षकांनी सांगितलं तेव्हा मोठे बाबा गप्प झाले. कारण व्हिडिओ आला त्याच आठवड्यात त्यांनी "रोगट" म्हणून बांधावरच्या सात-आठ झाडांच्या फांद्या छाटून टाकल्या होत्या. जी अळी नव्हती तिच्या भीतीने, जी येऊ शकते तिला दार उघडं करून दिलं.

मी विचारलं, मग ही जाळीवाली अळी एवढी वाढते का? वनरक्षकांनी उत्तर दिलं नाही, नुसतं टेकडीकडे बोट केलं. टेकडीच्या डाव्या अंगाला साग, मोहा, पळस, बहावा, धावडा, खाली झुडपं, सगळं मिसळलेलं. तिथे सागाची पानं खाल्लेली होती, पण टेकडी हिरवीच दिसत होती. उजव्या अंगाला ओळीत लावलेला नुसता साग. तिथे एक हिरवं पान शोधून सापडेना. मला एकदम कपाशी आठवली. एका वाणाचं, एकाच वयाचं, मैलोन्‌मैल एकच पीक. अळीला दुसरं काय पाहिजे? विदर्भात वनविभागाने आणि १९७४ पासून वनविकास महामंडळाने साग खूप लावला, आपण बांधावर लावला, आणि सगळ्यांनी ओळीतच लावला.

हे काही नवं ज्ञान नाही. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेतले सी. एफ. सी. बीसन यांनी भारतातल्या वनकीटकांवर १९४१ साली जाडजूड ग्रंथ काढला, आणि सागाच्या लागवडीत मधे नैसर्गिक जंगलाचे पट्टे ठेवा, खालची झुडपं साफ करू नका, हे तेव्हाच सांगितलं. कारण असं की अळ्यांवर जगणाऱ्या बारीक परजीवी माश्या असतात. सागावरची अळी वर्षभर नसते, मग या माश्यांनी उरलेले महिने काय खायचं? झुडपांवरच्या दुसऱ्या अळ्या. झुडपं गेली की त्या उपाशी मरतात, आणि पुढच्या पावसाळ्यात सागावरच्या अळीला मोकळं रान. कोतवाल, साळुंकी, सातभाई यांचंही तेच. ट्रायकोकार्ड तुमच्यापैकी शेतकऱ्यांच्या पोरांना माहिती असेल, कपाशीत लावतो ते. त्यातल्या ट्रायकोग्रामा माशीची एक जात जबलपूरच्या उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्थेने सागावरच्या या अळीसाठी वापरून पाहिली आहे. माशी अळीच्या अंड्यातच आपलं अंडं घालते, विषय तिथेच संपतो. आणि मी जे औषध पाठवलं होतं त्याने आधी या माश्या मेल्या असत्या.

मोठी आई आमच्या सागाखालचा तरोटा भाजीसाठी राखून ठेवते, मोठे बाबा दर वर्षी तो उपटायला निघतात आणि दर वर्षी भांडण होतं. त्या दिवशी वनरक्षकांनी झुडपं राहू द्या म्हटल्यावर तिने मोठ्या बाबांकडे जे बघितलं, ते बघायला मी पुन्हा दोन बस बदलून जाईन.

संध्याकाळी ठेकेदाराला नाही सांगितलं. तो म्हणाला पुढच्या वर्षी निम्मेही मिळणार नाहीत. एक गोष्ट इथे सांगून ठेवतो, तुमच्या घरी साग असेल तर कामाची आहे. खाजगी जमिनीवरचा साग सुद्धा परवानगीशिवाय तोडता येत नाही, १९६४ चा महाराष्ट्राचा झाडतोडीचा कायदा आहे. लाकूड हलवायचं तर वाहतुकीचा पास लागतो. त्या कटकटीला घाबरूनच लोक उक्तं देऊन टाकतात. निदान प्रत्येक झाडाचा छातीच्या उंचीवरचा घेर मोजून वहीत लिहून ठेवा. आम्ही दुसऱ्या दिवशी शिलाईच्या टेपने सगळी झाडं मोजली, छोटी लिहीत होती. काही झाडं सव्वा मीटरच्या पुढे निघाली. तोपर्यंत मोठ्या बाबांनाही माहीत नव्हतं आपल्याकडे नेमकं काय उभं आहे.

छोटीची फी मात्र सागातून निघाली नाही, हे खरं सांगायला हवं. अर्धी सोयाबीनमधून, अर्धी माझ्या वडिलांनी आणि मी दिली, आणि त्यावरून दोन्ही घरांत थोडं वाजलंही. झाड वाचलं म्हणून महिना अखेरीला हातात पैसे येत नाहीत. मोठे बाबा ते मला ऐकवायचे, "तुह्या शास्त्रानं साग वाचवला, पण हात तं रिकामाच रायला." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही.

पुढच्या जूनमध्ये मी पेरणीच्या वेळी गेलो होतो. सगळ्या झाडांना नवी पानं होती, सुपाएवढी. कोवळं पान चोळून छोटीने लहानपणीसारखा हात लाल केला. छाटलेल्या सात-आठ झाडांपैकी दोघांच्या बुंध्यावर, जुन्या घावाजवळ, काळं ओघळलेलं दिसलं. किडा आहे की नुसतं पाणी मुरलंय, ते अजून कळत नाहीये. लक्ष ठेवून आहोत.

सप्टेंबर आला की मोठ्या बाबांचा व्हिडिओ अजूनही येतो. टेकडी तपकिरी, कॅमेरा हलता. फक्त आवाज बदलला आहे. मागच्या वेळी एवढंच म्हणाले, "आली पाय तुही अळी. या वर्षी चार दिवस उशिरा आली."